मालनकाकूंची बाजरी

आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे येणार हे आधी मालनकाकूंना कळायचं, आणि काकूंना कळलं की सगळ्या गल्लीला कळायचं. "ओ वैशालीताई, तीन किलो बेसन? लाडवांचा बेत दिसतो, जावई येतोय वाटतं," असं त्या आपल्या पिठाच्या गिरणीतून विचारायच्या. वैशालीताई तेव्हा चार घरं पलीकडे गच्चीवर कपडे वाळत घालत असायच्या आणि तिथूनच "हो" म्हणायच्या. दुसरा इलाज नसायचा.

बाईंचा आवाजच तसा. सिडकोतल्या आमच्या घरांच्या रांगेत, माझ्या दारासमोर पंधरा पावलांवर त्यांचं घर. पुढच्या खोलीत गिरणी, मागच्या दोन खोल्यांत संसार. मूळच्या सिन्नरकडच्या. नवरा गेला तेव्हा मुलगी सविता पाचवीत होती. काकूंनी पदर खोचला आणि दुसऱ्या आठवड्यापासून गिरणी एकटीने चालवली, ती तीस वर्षं. गिरणीच्या घरघरीवर बोलायचं तर घसा ताणावाच लागतो, आणि ताणलेला घसा पुढे तसाच राहिला. सत्यनारायणाच्या पूजेत त्या शेजारणीच्या कानात काही सांगू लागल्या की भटजी पोथी वाचायची थांबवायचे.

गेल्या भाद्रपदात काकू इगतपुरीला सविताच्या घरी वारल्या. सविताने फोनवर सांगितलं, "शेवटी शेवटी आईचा आवाजच राहिला नव्हता गं, माधुरीताई." आवाज आजाराने नेला असं तिला वाटतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. आजाराने नेला तो उरलासुरला. बाकीचा काकूंनी आधीच टाकून दिला होता, स्वतःहून, आणि तोही एका भटक्या कुत्रीपायी.

पण आधी गिरणीबद्दल सांगायला हवं, कारण काकूंची सगळी अक्कल तिथेच तयार झाली होती. दळण टाकायला आलेली बाई पहिला प्रश्न विचारते, "आत्ता कशावर चाललंय?" म्हणजे दगडात आधीचं कुठलं पीठ आहे. गव्हावर गहू टाकला तर ठीक, बाजरीवर टाकला तर पोळ्या काळपट होतात आणि घरी सासू तोंड वाकडं करते. म्हणून धान्य बदलताना काकू नव्या धान्याची एक मूठ आधी घालायच्या, ती दगडातलं जुनं पीठ घेऊन बाहेर यायची, आणि ते मिसळलेलं पीठ बाजूला टाकायचं. "पैली मूठ वाया जायचीच," असं त्या म्हणायच्या. हे त्या नव्या सुनेबद्दलही म्हणायच्या, नव्या नोकरीबद्दलही. मी शाळेत शिकवायला लागले आणि पहिल्या आठवड्यात रडत घरी आले, तेव्हाही रस्त्यावरूनच ओरडून म्हणाल्या होत्या. त्यामुळे मी रडले हे सगळ्यांना कळलं.

दुसरी त्यांची खूण म्हणजे चिमूट. गिरणीच्या कापडी तोंडातून पडणारं पीठ चिमटीत घ्यायचं, अंगठ्याने बोटावर चोळायचं, आणि मनासारखं बारीक असलं तर मान हलवायची. पुढे पुढे कुठलीही गोष्ट मनासारखी झाली की हातात पीठ नसतानाही त्यांची बोटं चोळली जायची. नवख्या माणसाला वाटायचं बाई पैसे मागतायत. सविताच्या लग्नात वरमाला पडल्यावर काकूंनी मांडवात अशी चिमूट चोळली आणि व्याही बिचारे चपापले.

ती कुत्री आली चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुमारास. निवडून ठेवलेल्या बाजरीसारखा करडा रंग, डावा कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. गिरणीसमोर सांडलेलं पीठ चाटायला यायची. काकूंनी तिला भाकरी टाकली, बाजरी असं नाव ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी गल्लीत जाहीर केलं, "ही माझ्याकडं राहणार हाय." बाजरीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. काकू डबा उचलायला खाली वाकल्या की ती शेपूट पायात घालून पळायची. वाकलेलं माणूस म्हणजे दगड उचलणारं माणूस, एवढंच तिला माहीत होतं. आणि गिरणीवालीला दिवसातून शंभर वेळा वाकावं लागतं.

मग काकूंनी ती चूक केली. गिरणीवाल्याच्या घरच्या माणसालाच ती सुचली असती. सविता तान्ही असताना तिची झोळी गिरणीच्या खोलीतच बांधलेली असायची. घरघर चालू असली की पोर गाढ झोपायची, गिरणी बंद केली की दचकून उठायची. काकूंच्या लेखी गिरणीचा आवाज म्हणजे शांतता. त्यांनी बाजरीला भाकरीच्या लालचेने आत घेतलं, गळ्यात सुतळी अडकवून गिरणीच्या पट्ट्याजवळच्या खांबाला बांधलं, "बस आता, झोप लागंल तुला," असं आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं आणि बटण दाबलं.

मी तेव्हा डबा घेऊन दारातच उभी होते. कुत्री ओरडली असेलही, ऐकू आलं नाही. नुसतं तोंड उघडलेलं दिसलं. मग सुतळी तुटली आणि ती माझ्या पायांतून निघून गेली.

चार दिवस पत्ता नव्हता. काकू गिरणी बंद ठेवून हिंडल्या. मी शाळेतून आले की त्यांच्याबरोबर जायची. कोपऱ्याकोपऱ्यावर त्या "बाजरे, ए बाजरे" अशी हाळी द्यायच्या आणि दुकानदार बाहेर येऊन बघायचे. पाचव्या दिवशी ती पवननगरच्या भाजीबाजारामागे कोबीच्या पाल्यात बसलेली दिसली. तुटलेली सुतळी गळ्यातच होती. काकूंनी आनंदाने हाक मारली. ती उठली आणि पळाली. काकू मागे गेल्या, पुन्हा हाक मारली, ती आणखी लांब पळाली. तिसऱ्या हाकेनंतर काकू तिथेच फुटपाथवर बसल्या.

"माधुरी," त्या म्हणाल्या, "तिला गिरणीचं नाय, माझंच भ्या वाटतंय गं."

खरंच होतं ते.

"आधी काय दळलंय हिच्यावर, ते मी इचारलंच नाय," असं म्हणून त्यांनी भाकरी काढली, कुत्रीकडे पाठ केली आणि गप्प बसल्या. मालनकाकू गप्प बसल्या हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दोन तास बसल्या. मी मधे काही बोलले तर ओठांवर बोट ठेवलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा बाजरी येऊन त्यांच्या पदराचं टोक हुंगायला लागली, आणि काकूंचे डोळे वाहायला लागले, तरी त्यांनी नाक ओढलं नाही. घरी येताना त्या पुढे आणि ती वीस पावलं मागे. काकूंनी एकदाही वळून पाहिलं नाही. मला मात्र दर दोन मिनिटांनी खुणेने विचारत होत्या, येतेय का?

दुसऱ्या दिवसापासून मालनकाकू कुजबुजायला लागल्या. गल्लीत हाहाकार. "जाड का बारीक?" हे त्या बोटांनी विचारायच्या. वैशालीताईंनी ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या. कुणी हळदीचं दूध सांगितलं, कुणी म्हणालं मौनाचा नवस असेल. "मौन कशाचं, कुत्री हाय दारात," असं काकू सगळ्यांना हळूच सांगायच्या, आणि त्यांच्या तोंडून हळूच काही ऐकायची सवय नसल्याने कुणालाच ते कळायचं नाही.

वाकायचंही त्यांनी सोडलं. डबे जमिनीवर ठेवायचे नाहीत, कट्ट्यावर ठेवायचे असा नियम केला. सांडलं तर उकिडवं बसून उचलायचं. साठीतल्या बाईला गुडघ्यांनी ते परवडणारं नव्हतं, पण काकूंनी केलं.

बाजरी आत आली ती एका शनिवारी. शनिवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, म्हणजे गिरणीही बंद. काकू मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर दोन पाय ठेवून उभी राहिली, मागे गेली, पुन्हा आली. असं अकरा वेळा झालं, काकूंनी मोजलं होतं. बाराव्या वेळी आत आली आणि पोत्यावर बसली. काकूंनी मान वर केली नाही. तांदूळ मात्र दोनदा तेच निवडले, असं त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि चिमूट चोळून दाखवली.

त्यापुढचं हळूहळू झालं. आधी लाइट नसलेल्या शनिवारी, मग रोज दुपारी एक ते चार गिरणी बंद असताना, मग मधलं दार लावून, मग उघडं ठेवून. वर्ष सरत आलं तेव्हा गिरणी चालू असताना ती मधल्या अर्ध्या दारावर हनुवटी टेकून उभी राहायला लागली, भुवया पिठाने पांढऱ्या, काकूंसारख्याच. एक नवीन बाई म्हणाली, "गिरणीत कुत्रं? पिठात केस येतील." काकू हळू आवाजात म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत माझा केस निघाला का कुणाच्या डब्यात? मग हिचा कसा निघंल? गिरणीत मी घेतच नाय तिला, दाराच्या ह्या बाजूला नाय यायची ती." आणि खरंच ती कधी आली नाही. त्या बाईने दळण दुसरीकडे न्यायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांनी परत आली, कारण तिथे पीठ जाड यायचं.

शेवटी शेवटी तर असं झालं की बाजरीला गिरणीशिवाय झोप येईना. रविवारी गिरणी बंद असली की घरभर येरझाऱ्या घालायची. "सवितावर गेली," काकू म्हणायच्या, आणि त्यांचं ते बारीक हसू मला अजून ऐकू येतं.

खोकला आधीपासून होता, पण गिरणीवालीला खोकला असतोच. गेल्या वर्षी पौषात मात्र दोन पायऱ्या चढून धाप लागायला लागली. मी दवाखान्यात बरोबर गेले होते. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पीठ बसलंय. काकू म्हणाल्या, "लोकांचं इतकं दळलं, चिमूटभर माझ्याकडं राहिलं." डॉक्टर हसले नाहीत. गिरणी बंद, धूळ बंद, आणि घरात कुत्रं-मांजर बिलकुल नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. सविता दुसऱ्याच दिवशी आली. जावई रेल्वेत, इगतपुरीला क्वार्टर, दारापर्यंत गाडी जाते, दवाखाना जवळ. आईला एकटं ठेवायचं नाही हे तिने ठरवलंच होतं, आणि तिचं काही चुकत नव्हतं. होळी झाल्यावर न्यायचं ठरलं.

त्या संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. आई गेल्यापासून मी एकटीच राहते. चहा घेतला नाही. "पोरी, एक दळण टाकायचंय तुझ्याकडं," म्हणाल्या. "परत न्यायला येनार नाय मी."

मला कुत्र्यांची फार आवड नव्हती. तरी मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

मला वाटलं होतं, एक दिवस साखळी माझ्या हातात देतील आणि झालं. काकूंनी त्याला दीड महिना लावला. आधी त्या रोज दुपारी बाजरीला घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. मग बसणं कमी केलं. मग भाकरी त्यांनी करायची आणि मी घालायची. मग मीच करायची. माझ्या भाकऱ्या कडेला फाटतात, पण बाजरीने तक्रार केली नाही. तिच्या अंथरुणाला त्यांनी आपलं जुनं पातळ दिलं, पिठाचा आणि त्यांचा वास असलेलं, आणि मला सांगितलं, "चार दिस असंच राहू दे. मग एकदा नुसतं पाण्यातनं काढ. मग आठ दिसांनी साबन लाव, थोडाच. मग चांगलं धू."

"काकू, एकदम का नाही धुवायचं?"

"एकदम दळण बदलत नाय कुनी. मूठमूठ घालावं लागतं."

ते पातळ मी पाण्यातून काढलं त्या दिवशी बादलीतलं पाणी पांढुरकं झालं, आणि ते ओतून देणं मला जड गेलं.

सगळ्यात अवघड होता खोकला. मी गेट लावून घ्यायची, पण समोर काकू खोकल्या की बाजरी भिंतीवरून उडी मारून त्यांच्या दारात. दोनदा काकूंनी दार उघडलं आणि मला फोन करून तिला परत न्यायला सांगितलं. तिसऱ्या वेळी उघडलं नाही. भर दुपारी बाजरी दाराला नाक लावून बसली. आधी नख्यांनी खरवडलं, मग कुईकुई केलं, मग नुसती बसून राहिली. मी न्यायला गेले तेव्हा खिडकीतून आत दिसलं. काकू दाराच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसल्या होत्या, पाठ दाराला टेकून, उशी तोंडावर दाबून. अंग खोकल्याने हलत होतं आणि आवाज कसलाच नव्हता. मला बघून हाताने सांगितलं, जा. मी त्यांच्याच ओट्याच्या पायरीवर बसले. तीनदा पातळ दाखवलं तेव्हा कुठे चार वाजता बाजरी उठली आणि माझ्यामागे आली. बाजारातून काकूंच्या मागे आली होती तशीच, अंतर ठेवून.

त्यानंतर ती त्या दाराकडे गेली नाही. आणि त्यानंतर काकूंचा आवाज गल्लीत कुणीच ऐकला नाही. त्या स्वतःच्या घरात मांजरीच्या पावलांनी वावरायच्या, भांडं आपटायच्या नाहीत, कुणाशी दारात बोलायच्या नाहीत. पंधरा पावलांवरून मला फोन करायच्या आणि कुजबुजायच्या, "जेवली का? झोपती का?" झोपत नाही म्हटल्यावर दुसऱ्याच क्षणी उत्तर आलं, "कूलर लाव. घरघर लागती तिला." थंडी होती तरी मी माळ्यावरचा कूलर काढून लावला. बाजरी झोपली. मी शाल पांघरून तिच्याशेजारी बसले आणि समोरच्या अंधाऱ्या गिरणीकडे बघून मला अगदी भडभडून आलं.

जायच्या आदल्या दिवशी फोन आला. "उद्या दहाला गाडी येनार. तिला मागं कोंडू नको. दारात झोपती ना उन्हाला, तशीच असू दे. मला बघायचंय."

"आणि उठली तर?"

"उठली तर मग माझ्यानं जानं नाय व्हायचं," त्या म्हणाल्या.

सकाळी ऊन माझ्या उंबऱ्यावर आलं होतं. बाजरी उंबऱ्याशी पडली होती, तोंड घरात, पाठ गल्लीकडे. मी आत उभी होते. जावयाने गाडी मुद्दाम कोपऱ्यावर लावली होती. सविताने सामान आधीच नेलं होतं. मग समोरचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या, अनवाणी, चपला हातात घेऊन. वाजू नयेत म्हणून. एक एक पाऊल टाकत माझ्या दारासमोर आल्या आणि थांबल्या. निळं पातळ नेसल्या होत्या, आणि पिठाशिवायच्या त्या काळ्या भुवयांची मला अजून सवय झाली नव्हती. त्या बाजरीकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात उबळ आली. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी दाबून धरला, खांदे गदागदा हलले. एवढासा आवाज झालाच. बाजरीने फाटका कान उचलला.

काकू जागच्या जागी थिजल्या. चपला छातीशी धरलेल्या.

कान खाली आला. बाजरी तशीच पडून राहिली. काकूंच्या तोंडावर जे आलं त्याला मी काय म्हणू, सुटका म्हणावी तर तसंही नव्हतं. पदर अजून दातांत होता. त्यांनी मोकळा हात वर केला, अंगठ्याने बोटावर हलकेच चोळलं, आणि मान तिरकी करून मला खुणेने विचारलं. जमलं ना?

त्यांना बाजरीची पाठ दिसत होती. तोंड माझ्याकडे होतं. डोळे टक्क उघडे होते आणि माझ्यावर लागलेले होते, आणि पुढचे दोन पाय थरथरत होते. तिने ऐकलं होतं. ती उठत नव्हती.

मी हात वर केला आणि चिमूट चोळून दाखवली. काकूंनी समाधानाने मान हलवली आणि चपला हातात घेऊन कोपऱ्याकडे चालायला लागल्या.